आजीच्या पायांनी आखलेली वाट

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



गेल्या महिन्यात एकच रील मला चार वेगवेगळ्या जणांनी पाठवलं. तुम्हीही पाहिलं असेल. छोटंसं कौलारू घर, पुढं फुलांची नुसती गर्दी, आणि त्या फुलांमधून नागमोडी जाणारी दगडांची वाट. मागं पियानो. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "हे आपल्याकडं होईल का गं?"

होईल. आमच्या घरामागं मी अशी एक वळणाची वाट केली आहे. मी आणि बाबांनी मिळून. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे. खोली किती, मुरूम किती, वळण कसं आखायचं, सगळं सांगते. पण त्याआधी ती का करावी लागली ते सांगायला पाहिजे, कारण आमची वाट रीलवरून सुरू झाली नाही. ती आजीच्या पडण्यावरून सुरू झाली.

पांढरी आणि काळी

आमचं घर हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. जुनं घर गावात, माळवदाचं, म्हणजे पांढरीवर. नवं घर बाबांनी आमच्याच शेताच्या तुकड्यात बांधलं, म्हणजे काळीवर. जुनी माणसं गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. घरं पांढरीवर, पीक काळीवर. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

नव्या घराच्या मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत सरळ मोजलं तर ४२ फूट. मधे एक जुना कडुलिंब, पाण्याचा हौद, तुळस, न्हाणीच्या पाण्याची नाली, चार केळी आणि आजीची मिरची-कोथिंबीर. पावसाळ्यात तिथं असा चिखल व्हायचा की चप्पल आत आणि पाय बाहेर. म्हणून २०२२ च्या दिवाळीआधी बाबांनी सिमेंटची वाट करायचं ठरवलं.

मिस्त्री म्हणाला, सरळ घ्या, स्वस्तात पडेल. पण सरळ रेषेच्या अगदी कडेला लिंब येत होता. बाबा म्हणाले, लिंब काढून टाकू. आजी म्हणाली, वाट वळवा. बाबा हसले. "घरामागं काय घाट काढायचाय का, माय?"

तेव्हा आजीनं जे ऐकवलं ते आमच्या घरात अजून सांगतात. आमच्या औंढ्याच्या देवळाची आख्यायिका तुम्हाला माहीत असेल. संत नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नामदेव तर आमच्या जिल्ह्यातल्याच नरसीचे. आजी म्हणाली, "नामदेवासाठी अख्खं देऊळ फिरलं, आन् तुझी चार फुटाची वाट लिंबासाठी फिरना का?"

लिंब वाचला. वाट मात्र सरळच झाली, लिंबाच्या बुंध्याला जवळजवळ घासून. एक जाड मूळ तोडलं आणि काळ्या मातीवर थेट तीन इंच काँक्रीट ओतलं.

आता काळी माती काय करते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायची गरज नाही. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ती चांगली, पण तिच्यावर पातळ काँक्रीट टाकलं तर ते तिच्याबरोबर वर-खाली होत राहतं आणि तडकतं. २०२३ च्या मेमध्ये आमच्या वाटेला तीन आडवे तडे गेले. लिंबाजवळचा तुकडा एका बाजूनं दोन बोटं वर आला. सगळ्यांना दिसत होतं. बघू, करू, असं चाललं होतं.

जुलैत पहाटे आजी तुळशीला पाणी घालायला निघाली. एरवी ती सिमेंटवरून जायचीच नाही, मातीतूनच जायची. त्या दिवशी चिखल होता म्हणून सिमेंटवरून गेली. त्या दोन बोटांना अडखळली. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं आणि आजी वॉकर घेऊन घरी आली.

त्यानंतर आजी मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथंच खुर्ची टाकून बसायची. गोठा तिला दिसायचा, पण जाता यायचं नाही. बाबा त्या वाटेबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. मागच्या दारानं जाणंच त्यांनी सोडलं होतं.

जी वाट आधीच होती

मी तेव्हा पुण्यात होते, स्पर्धा परीक्षेची तयारी करत. २०२४ च्या फेब्रुवारीत बॅग भरून परत आले. मुख्य परीक्षा तिसऱ्यांदा गेली होती. घरात मला कुणी काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच जास्त लागायचं. तुमच्यापैकी ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना कळेल.

एका सकाळी झोप येईना म्हणून गच्चीवर गेले. ऊन नुकतंच तिरपं पडत होतं. आणि वरून मला परसात एक रेघ दिसली. फिकट, कडक, गवत नसलेली. मागच्या दारातून निघालेली, लिंबाला लांबून वळसा घालून हौदाकडं गेलेली, तिथून तुळशीशी थांबून, नाली चुकवून, गोठ्याच्या बाजूच्या दारात पोचलेली. शेजारी ती सिमेंटची सरळ पट्टी, तडकलेली. आई आणि आमची शेरडंसुद्धा त्या मातीच्या रेघेवरूनच जात होती.

खाली येऊन आजीला विचारलं, "आजी, तू लिंबाला एवढा मोठा वळसा कामून घालायचीस?"

ती म्हणाली, "बुडाशी मुळ्या हायेत, ठेच लागती. थोडं लांबून गेलं तर सावली बी भेटती."

मग हौदाकडं? "बादली भरायची ऱ्हाती ना."

आणि गोठ्याला बाजूनं? "ढोराच्या मागून जाऊ नये बाई. त्याला दिसंल असं जावं. बिचकलं की लाथ मारतंय."

म्हणजे प्रत्येक वळणाला कारण होतं. आखणी आजीनं कधीच करून ठेवली होती, पायांनी. आम्ही फक्त बघितली नव्हती.

शहर-रचनेवाले लोक अशा वाटांना 'डिझायर पाथ' म्हणतात. म्हणजे कुणी आखून न दिलेली, माणसांच्या चालण्यातून उमटलेली वाट. परदेशातल्या काही विद्यापीठांत आधी हिरवळीवर पोरं कुठून चालतात ते पाहिलं आणि मग तिथंच फरशी घातली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडं पायवाट आहे, पाणंद आहे. पाणंद कधी सरळ बघितलीय का? बांध आला की वळते, ओढा आला की उतार शोधते, बैलगाडी वळेल एवढी जागा सोडते.

आणि एक गंमत सांगते. ज्या इंग्लिश कॉटेज गार्डनच्या नावानं ही रीलं फिरतात, तिथल्या जुन्या गरीब माणसांच्या घरांना फाटकापासून दारापर्यंतची वाट बहुतेक वेळा सरळच असायची. जागा थोडी, त्यात भाजी लावायची. वळणाला जागा कुठली? गर्दी होती ती फुलांची आणि भाज्यांची. म्हणजे नागमोडी वाट हवीच असा नियम तिथंही नव्हता.

मग वळण घालायचंच कशाला? याचं एक उत्तर मला पुण्यात मिळालं होतं. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याची मैत्री म्हणून तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मूळची कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली. अभ्यासिकेतून डोकं उठलं की मी रविवारी तिथं जायचे. तिथं एका जागी उभं राहून सगळी बाग दिसत नाही. वाट वळते, पाणी दिसतं. पुन्हा वळते, पाणी लपतं, टेकाड दिसतं. चालेल त्यालाच बाग दिसणार, अशी ती रचना आहे. आणि तिथंही प्रत्येक वळणावर काहीतरी आहे, झाड, पाणी, उंचवटा. उगाच वळलेली वाट नाही.

वाट वळवायची तर वळणावर काहीतरी पाहिजे. नसेल तर आठ दिवसांत लोक कोपरा तोडून सरळ जायला लागतात, आणि तुमची सुंदर वाट बाजूला राहून मधे गवत मेलेली पट्टी तयार होते.

आता कामाचं बोलू

एप्रिलमध्ये मी बाबांना म्हणाले, सिमेंट फोडू या. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे घणाचा आवाज आला. मी मागं गेले तर बाबा एकटेच फोडत होते.

पुढचं मोबाईलवर लिहून घेतलं तरी चालेल.

पहिली गोष्ट, आखणी. पाण्याची नळी घ्या, बागेला पाणी घालतो ती. ती तासभर उन्हात ठेवली की मऊ पडते. मग ती माणसं चालतात त्या रेघेवर अंथरा. नळी आपोआप सावकाश वळते, तिला काटकोन जमतच नाही. दोन दिवस तशीच ठेवा. रिकाम्या हातानं चाला, भरलेली बादली घेऊन चाला, रात्री चाला. जिथं पाय नळीच्या बाहेर पडतो तिथं नळी सरकवा. पटलं की चुन्याची फक्की टाका.

दुसरी गोष्ट, रुंदी. एका माणसाला अडीच फूट पुरतात. आम्ही साडेतीन घेतली, कारण वॉकर. वळणावर रुंदी नकळत कमी होते, त्यामुळं साडेतीन फुटांची एक काठी तोडून घ्या आणि ती आडवी धरत दुसरी कड आखत चला. आमची वाट ४२ फुटांची ५५ फूट झाली. तेरा फूट वाढले.

इथं माझं आणि रीलचं भांडण झालं. रीलमध्ये सुटे सुटे दगड असतात, मधे हिरवळ. दिसतं छान. पण वॉकरचे चार पाय एकाच वेळी टेकायला पाहिजेत. एक दगडावर, एक गवतात, असं झालं की माणूस पुन्हा आडवा. आपल्या घरात म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल, तर सुटे दगड घालू नका. नुसता मुरूम किंवा खडीही नको, वॉकर रुततो.

तिसरी गोष्ट, पाया. काळ्या मातीत खरी मेहनत इथंच आहे. आठ इंच माती काढली. ती फेकली नाही, केळीला आणि मिरचीला घातली. खाली पाच इंच मुरूम, दोन थरांत. प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुम्मसानं चोपायचं. आम्हाला साधारण एक ब्रास लागला. त्यावर दोन इंच खडीक्रशरची बारीक कच, आणि तिच्यावर फरशी. सिमेंट अजिबात नाही. यानं काळी माती फुगायची थांबत नाही. पण वाट एकसंध नसते, सुटी असते, त्यामुळं तडकत नाही. थोडी हलली तर ती एकच फरशी उचलायची, खाली मूठभर कच घालायची किंवा काढायची, परत बसवायची. दहा मिनिटांचं काम.

चौथी गोष्ट, पाणी. वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर उंच ठेवा आणि एका बाजूला उतार द्या, चार फुटाला एक इंच या हिशेबानं. नाली जिथं आडवी येते तिथं खालून चार इंची पाइपचा तुकडा टाकला. पाणी केळीकडं जातं, वाट कोरडी राहते.

पाचवी गोष्ट, फरशी. विकत आणली नाही. गावातलं जुनं माळवदाचं घर पडायला आलं होतं, त्याच्या ओसरीची शहाबादी फरशी काढून आणली. चौकोनी फरशी वळणावर बसवली की बाहेरच्या बाजूला पाचरीसारख्या फटी राहतात. तिथं फुटक्या फरशीचे तुकडे ठोकून बसवायचे आणि उरलेल्या फटीत कच दाबून भरायची. फट अर्ध्या बोटाहून मोठी नको. आणि खडबडीत बाजू वर. गुळगुळीत बाजू पावसात शेवाळून निसरडी होते.

सहावी गोष्ट, कडेची झाडं. मला गवती चहा आणि उंच फुलझाडं दाट लावायची होती, रीलसारखी. आजीनं उंबऱ्यावरूनच हात हलवला. "दाट नको. लांबडं बसतं." लांबडं म्हणजे कोण ते कळलं असेल, आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत. मग वाटेलगत दोन हात फक्त बुटकं लावलं. झेंडू, पुदिना, कोरफड. उंच झाडं त्याच्या मागं. लिंबाच्या बाजूला, थोड्या सावलीत, हळदीचे गड्डे लावले. वसमतच्या हळदीला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या जिल्ह्यात घराभोवती हळद नसेल तर लोक हसतील. पावसाळ्यात तिची रुंद पानं वळणाला छान भरून टाकतात. आणि लिंबाच्या बुंध्यापासून पाच-सहा फूट लांब राहिलो, त्यामुळं या वेळी एकही जाड मूळ तोडावं लागलं नाही.

पाऊस आणि निंबोळ्या

मे महिन्याच्या शेवटी काम झालं. चुका झाल्याच. वळण लिंबाच्या फांद्यांखालून जातं, आणि पावसाच्या तोंडावर निंबोळ्या पिकून पडायला लागल्या. पिकलेली निंबोळी पायाखाली आली की साबणासारखी. रोज सकाळी झाडावं लागतं. आई त्या गोळा करून वाळवते, फवारणीच्या निंबोळी अर्काला होतात. तरी त्या दिवसांत आजीला झाडल्याशिवाय सोडत नाही.

मग सप्टेंबरच्या सुरुवातीचा पाऊस. हिंगोली, परभणी, नांदेडकडचे जे ऐकतायत त्यांना २०२४ चा तो पाऊस आठवत असेल. शेतं पाण्याखाली गेली, आमचंही सोयाबीन गेलं. त्या दिवसांत वाटेकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. पाणी ओसरल्यावर बघितलं तर सात फरश्या खचल्या होत्या, दोन वर आल्या होत्या. बाबांनी आणि मी एका दुपारी सगळ्या परत बसवल्या. तडा एकालाही नव्हता.

त्या दुपारी बाबा एक फरशी ठोकता ठोकता म्हणाले, "तेव्हाच वळवायला पाहिजे होती." एवढंच. वर्षभरात त्या वाटेबद्दल बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य. मला काय बोलावं कळेना. मी म्हणाले, "मी पण पुढच्या वेळी परीक्षा देणार नाहीये, बाबा." त्यांनी मान हलवली आणि कच मागितली. आम्ही दोघं सहा महिने ज्यावर गप्प होतो, ते असं दोन वाक्यांत झालं.

आणि आजी. ती त्या वाटेवर पहिल्यांदा आली जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी. आई मागं, मी पुढं, बाबा गोठ्याच्या दारात उभे. वॉकर उचलायचा, टेकवायचा, एक पाऊल. ५५ फुटांना पंचवीस मिनिटं लागली. लिंबाच्या वळणावर ती थांबली. मला वाटलं दमली. ती खाली बघत होती.

"ही आपल्या ओसरीची फरशी ना? हिचा कोपरा तुझ्या बापानं फोडला होता, लहानपणी. खलबत्ता पाडून."

मग हौदाशी थांबली, तुळशीशी थांबली, आणि गोठ्यात बाजूच्या दारानं गेली. म्हैस तिच्याकडं बघून नाकातून फुसकारली. आजी तिला म्हणाली, "कामून गं, इसरलीस व्हय?"

वाट कशी झाली, हे तिनं काही सांगितलं नाही. परत येताना फक्त म्हणाली, तुळशीपाशी बसायला एक दगड ठेवा. ठेवलाय. आता रोज सकाळी ती तिथं बसते. वळण घेतल्यामुळं वाढलेले ते तेरा फूट तिला तेवढेच जास्त चालायला लावतात.

तर मंडळी, रील पाठवणाऱ्या चौघांना माझं उत्तर हे आहे. आपल्याकडं होईल, पण फावडं हातात घेण्याआधी आठ दिवस फक्त बघा. तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं, ते कुठून कुठं जातं, कुठं थांबतं, काय टाळतं. जमलं तर सकाळच्या तिरप्या उन्हात गच्चीवरून एक फोटो काढा आणि मला पाठवा. रेघ दिसतेय का ते आपण मिळून शोधू.

आज इतकंच. पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून चाला.